हार्ड डिस्क बदलली, कॉम्प्युटर सुरूच होईना

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बाजारपेठेतल्या दुकानांत, तळमजल्यावरच्या दवाखान्यांत, घरांत पाणी शिरलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी ५० फुटांच्या पुढे गेलं. कॉम्प्युटरचा कॅबिनेट बहुतेक ठिकाणी टेबलाखाली, जमिनीला टेकून असतो. आपल्याकडे सगळे त्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. पाणी शिरलं की टेबलावरच्या मॉनिटरच्या कितीतरी आधी तो बुडतो. पूर ओसरल्यावर दुकानदाराला मशीनची फारशी काळजी नसते. त्याचा जीव अडकलेला असतो टॅलीतल्या हिशेबात, उधारीच्या याद्यांत आणि फोटोंत, म्हणजे आतल्या हार्ड डिस्कमध्ये.

पूर काही दर वर्षी येत नाही. डिस्क बदलण्याचं काम मात्र सातारा, कराड, विटा, मिरज इथल्या दुरुस्तीच्या दुकानांत बाराही महिने चालतं. जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं घेतो, मग कोणीतरी सुचवतं, ‘एसएसडी टाकून घे, पळायला लागेल.’ सल्ला अगदी बरोबर आहे. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर दहा वर्षांपूर्वीचं मशीनही अर्ध्या मिनिटात कामाला लागतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. त्यामुळे ‘डिस्कही बदलू आणि विंडोजही नवं टाकू’ असा विचार करणारे आणखी वाढले. आणि याच टप्प्यावर अनेकांच्या नशिबी काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीतली एकच ओळ येते: ‘नो बूटेबल डिव्हाइस’.

पहिला संशय नव्या डिस्कवर जातो. ‘डिस्कच खराब निघाली’ म्हणत माणूस दुकानात जातो, बदलून आणतो आणि पुन्हा तोच पडदा पाहतो. नवी डिस्क मुळातच बिघडलेली निघणं घडतं, पण क्वचित. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते आणि गडबड असते ती मशीन आणि डिस्क यांच्यामधल्या बोलण्यात. ती नेमकी कुठे आहे हे शोधायला महागडी साधनं लागत नाहीत. पडद्यावर काय लिहिलंय ते नीट वाचलं आणि मशीन सुरू होताना कोणत्या क्रमाने काम करतं हे माहीत असलं, की निम्मं काम झालं.

बटण दाबल्यावर पहिली काही सेकंदं विंडोजचा काहीही संबंध नसतो. मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये छोटा प्रोग्राम असतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय; बोलताना सगळे दोन्हीला बायोसच म्हणतात. तो आधी प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले तपासतो. मग कोणकोणत्या डिस्क जोडल्या आहेत ते पाहतो, ठरलेल्या क्रमाने एकेकीकडे जातो आणि ‘सुरुवात करून देणारा भाग तुझ्याकडे आहे का?’ असं विचारतो. तो सापडला की कारभार विंडोजच्या हाती जातो. डिस्क बदलल्यावर ही साखळी तीनपैकी एका ठिकाणी तुटते: डिस्क दिसत नाही, दिसते पण तिला विचारलं जात नाही, किंवा विचारलं तरी तिच्याकडे तो भाग नसतो.

पडद्यावर काहीच उमटत नसेल, कंपनीचा लोगोसुद्धा नसेल आणि नुसता पंखा फिरत असेल, तर डिस्कचा नाद सोडावा. डिस्क अजिबात नसली तरी मशीन लोगो दाखवतं आणि मग ‘डिस्क नाही’ अशी तक्रार करतं. लोगोही दिसत नसेल, तर कॅबिनेट उघडताना दुसरंच काहीतरी हललेलं असतं, बहुतेक वेळा रॅम. दुरुस्ती करणारे रॅमची पट्टी काढतात, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवतात आणि दोन्ही बाजूंच्या चापांचा ‘टक’ आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवतात. हा उपाय अनेकदा लागू पडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पाचगणी-जावळीच्या पट्ट्यातही चार महिने हवा ओली असते. तिथल्या मशीनमध्ये या दातांवर थर चढणं नवलाचं नाही.

लोगो दिसला तर बायोसमध्ये शिरावं. कुठे डिलीट, कुठे एफ-टू, कुठे एफ-टेन; सुरू होताना पडद्याच्या कोपऱ्यात बटणाचं नाव झरकन येऊन जातं. आत गेल्यावर एकच गोष्ट पाहायची: नव्या डिस्कचं नाव यादीत आहे का.

नसेल तर दोष तारेत किंवा खाचेत. साटा डिस्कला दोन जोडण्या असतात, माहितीची सात पिनांची अरुंद आणि विजेची पंधरा पिनांची रुंद. दोन्हींचं तोंड इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखं वाकडं असतं, त्यामुळे उलटी बसत नाही. तिरकी मात्र बसते आणि वरून बसल्यासारखीच दिसते. जुन्या तारेला पत्र्याची क्लिप नसेल, तर कॅबिनेटचं झाकण लावतानासुद्धा ती सैल होते. म्हणून पहिला उपाय तार बदलून पाहण्याचा, दुसरा उपाय मदरबोर्डवरची दुसरी साटा जागा वापरण्याचा. च्युइंगमच्या पट्टीएवढी एम-डॉट-टू एसएसडी असेल, तर प्रकरण वेगळं. ती दोन जातींची असते, साटा आणि एनव्हीएमई. आकार बहुतेकदा एकच, २२ बाय ८० मिलिमीटर, पण खाचांची जागा वेगळी आणि बोलण्याची भाषाही वेगळी. ज्या मदरबोर्डला फक्त साटा जात कळते, त्यात एनव्हीएमई पट्टी बसली तरी दिसत नाही. काही मदरबोर्डवर तर एम-डॉट-टू जागा भरली की साटाची एखादी जागा आपोआप बंद होते. अशा वेळी जुनी डिस्क अचानक गायब झाल्यासारखी वाटते आणि माणूस घाबरतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

डिस्क यादीत दिसत असेल, तर निम्मी काळजी मिटली. आता क्रम पाहायचा. जुनी डिस्क पहिल्या नंबरावर होती, ती गेली. नवी कुठेतरी खाली पेन ड्राइव्हच्या मागे असते किंवा क्रमात नसतेच. तिला वर आणलं की काम होतं.

याच टप्प्यावर आणखी एक अडचण दडलेली असते. डिस्कवर विभाग आखण्याच्या दोन पद्धती आहेत. एमबीआर ही पद्धत १९८३ सालापासूनची. तिचा पहिला तुकडा फक्त ५१२ बाइटचा, त्यात मुख्य विभाग चारच आणि साधारण दोन टेराबाइटच्या पुढची जागा तिला मोजताच येत नाही. जीपीटी ही नवी पद्धत यूईएफआयबरोबर आली. बायोसमध्ये ‘लेगसी’ ही जुनी पद्धत निवडलेली असेल आणि डिस्क जीपीटी पद्धतीची असेल, तर विंडोज अख्खं असूनही सापडत नाही. उलटही तेच होतं. मशीन जुनं, विंडोज जुन्या डिस्कवर लेगसीत टाकलेलं, आणि कोणी चांगल्या हेतूने ‘यूईएफआय’ निवडलं, की पडदा काळा.

यात एका रुपयाएवढ्या सेलचा हातही बऱ्याचदा असतो आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल वीज नसताना घड्याळ आणि बायोसची निवड टिकवतो. सात-आठ वर्षं जुन्या मशीनमध्ये तो मेलेला असतो, पण प्लग कायम लावलेला असल्याने ते कळत नाही. डिस्क बदलायला प्लग काढला की सगळी निवड पुसली जाते आणि बायोस कारखान्यातून आला तसा होतो. लेगसीचं यूईएफआय होतं, साटाची पद्धत बदलते, आणि दोष येतो बिचाऱ्या नव्या डिस्कवर. घड्याळ कित्येक वर्षं मागची तारीख दाखवत असेल, तर आधी सेल बदलावा. किराणा दुकानातही तो मिळतो.

तिसऱ्या प्रकारात डिस्क दिसते, तिला विचारलंही जातं, पण सुरुवात करून देणारा भागच तिच्यावर नसतो. दुरुस्तीच्या दुकानांतला सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो.

एक ठरलेला प्रकार असा. नवी एसएसडी बसवली, जुनी हार्ड डिस्क डेटासाठी तशीच जोडून ठेवली आणि एसएसडीवर नवं विंडोज टाकलं. सगळं छान चालतं. दोन महिन्यांनी जुनी डिस्क कुरकुरायला लागते म्हणून ती काढली, आणि एसएसडीवरचं विंडोजही बंद. कारण विंडोज टाकणाऱ्या प्रोग्रामला जुन्या डिस्कवर सुरुवातीचा विभाग तयार सापडतो, आणि नव्या विंडोजची सुरुवातीची फाइल तो तिथेच ठेवून देतो. नव्या घरात राहायला जावं आणि किल्ली जुन्या घरात राहावी, तशातली गत. म्हणून विंडोज टाकताना फक्त नवी डिस्क जोडलेली ठेवायची; बाकीच्या तारा तेवढ्या वेळापुरत्या काढायच्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते टाळल्यामुळे पुढे दिवस वाया जातात.

दुसरा प्रकार क्लोनिंगचा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्यावर उतरवण्याचा. इथे चूक होते ती फक्त ‘सी’ ड्राइव्हची नक्कल घेण्यात. सी ड्राइव्हच्या आधी साधारण १०० मेगाबाइटचा एक छोटा विभाग लपलेला असतो, विंडोजमध्ये तो एरवी दिसत नाही. सुरुवात तिथूनच होते. तो राहिला की सगळ्या फाइली जागेवर असूनही मशीन हलत नाही. नक्कल अख्ख्या डिस्कची घ्यावी, आणि पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवावी. दोघींची ओळख एकच असली की विंडोज गोंधळतं.

हा भाग राहून गेला असेल तरी फॉरमॅट मारायची गरज नसते. विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून दुरुस्तीच्या पर्यायातून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवून पाहावं. त्याने भागलं नाही, तर जाणकार ‘बीसीडीबूट’ ही आज्ञा देऊन तो भाग नव्याने तयार करतात, त्याला मिनिटही लागत नाही. लेगसीतली जुनी मांडणी यूईएफआयमध्ये न्यायची असेल, तर विंडोज १० मध्येच ‘एमबीआर टू जीपीटी’ नावाचं साधन आलेलं आहे. फाइली न पुसता ते काम करतं, तरी आधी नक्कल घेतलेली बरी. निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसलं, तर विंडोज सुरू झालं पण डिस्कशी बोलायचा ड्रायव्हर त्याच्याकडे नाही. बहुतेक वेळा बायोसमधली साटाची पद्धत पहिल्यासारखी केली की ते उठतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये विंडोज टाकताना डिस्कची यादीच रिकामी दिसते. तिथेही डिस्क बिघडलेली नसते, इंटेलचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्यावा लागतो. आणि लॅपटॉपने ४८ अंकी बिटलॉकर की मागितली, तर ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पाहावी. हे डिस्कला हात लावण्याआधी तपासलं, तर रात्रीची झोप उडत नाही.

डिस्क बदलली म्हणून विंडोज पुन्हा विकत घ्यायला लागतं, असा गैरसमज सर्रास आहे. विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो. त्याच मशीनवर तीच आवृत्ती टाकली आणि इंटरनेट जोडलं की तो आपोआप ओळखला जातो. विंडोजसह येणाऱ्या लॅपटॉपची किल्ली तर बहुतेक वेळा बायोसमध्येच लिहिलेली असते. ‘क्रॅक’ टाकून घेण्याचं कारण उरत नाही, आणि बँक, आधार, सातबारा यांची कामं होणाऱ्या सेवा केंद्राच्या मशीनवर तर ते कधीच टाकू नये.

या सगळ्या खटाटोपात जुनी डिस्क जपणं महत्त्वाचं. मशीन उठत नाही म्हणून वैतागून जुनीच पुसून तिच्यावर प्रयोग करणं, हे या कामातलं सर्वांत महाग पाऊल. नव्या डिस्कवर हवे तितके प्रयोग करता येतात. जुनीवरचा डेटा एकदा गेला की बहुतेकदा परत येत नाही. पुरात भिजलेल्या डिस्कच्या बाबतीत तर जास्तच. हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी आत जातं. ती वाळली असं वाटून वीज दिली, तर चिखलाचे कण तबकडीवर ओरखडे काढतात आणि वाचण्यासारखं जे असतं तेही जातं. झाकण उघडून पुसणंही तितकंच घातक. तिला वीज न देता, स्वच्छ खोली असलेल्या डेटा रिकव्हरी केंद्राकडे पाठवणं हाच मार्ग.

नवी डिस्क महिनाभर व्यवस्थित चालली, सगळ्या फाइली उघडून पाहिल्या, की मगच जुनीचा विचार करावा. झटपट फॉरमॅटने फाइलींची यादी तेवढी पुसली जाते, फाइली तशाच राहतात. फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामनेही त्या परत काढता येतात. ग्राहकांच्या आधारच्या, पॅनच्या, सातबाराच्या प्रती ज्या मशीनवर आहेत तिथे हे विशेष लक्षात ठेवायला हवं. चालू हार्ड डिस्क पूर्ण पुसणाऱ्या साधनाने पुसावी, बंद पडलेली तोडावी, आणि ती साध्या भंगारात न घालता ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे द्यावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत कॉम्प्युटर आणि त्याचे सुटे भागही येतात.