साखर नाही, तरी तहान का भागत नाही?

सोलापूरच्या उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या कोणाच्या हातून सुटत नाही. त्यामुळे एखादे पोर सारखे पाणी पिते, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठते, तरी घरचे म्हणतात, "ऊन आहे, दुसरे काय!" फार तर साखर तपासतात. ती ठीक निघाली की विषय संपतो. आम्ही डॉक्टर नाही, साधे कारकून आहोत. पण माता-भगिनींनो, विषय तिथेच संपवू नका.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यातून येणारे व्हॅसोप्रेसिन शरीरातले पाणी राखते. ते कमी पडले की पाणी लघवीवाटे निघून जाते. याला डायबेटिस इन्सिपिडस म्हणत. साखरेच्या आजाराशी गल्लत होते, म्हणून २०२२ साली तज्ज्ञांनी त्याला नवे नाव सुचवले.

याच्या अनेक कारणांपैकी एक दुर्मिळ कारण म्हणजे लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस. यात एका प्रकारच्या पेशी बिघडून वाढतात आणि हाडात, कातडीत, पिट्युटरीत ठाण मांडतात. डोक्यावर गाठ, न हटणारे पुरळ, सतत वाहणारा कान, खुंटलेली उंची ही त्याची चिन्हे असू शकतात. हा रोग संसर्गाचा नाही. पोराचे ताट वेगळे करू नका.

सात रस्त्यावर नवखा माणूस गोंधळतो, तसे रोग्याचे होते. गाठीला एक डॉक्टर, पुरळाला दुसरा, कानाला तिसरा! म्हणून सगळ्या तक्रारी एका कागदावर लिहून एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. सुरुवात सिव्हिलपासून करता येते. रक्तातले सोडियम, लघवी, डोक्याचा एमआरआय तपासतात. गाठीचा तुकडा काढून खात्री करतात. पाणी बंद ठेवून करायची चाचणी दवाखान्यातच होते. घरी पोराचे पाणी कधीही तोडू नका, जिवावर बेतेल.

उपचार दोन आहेत. आजार पसरलेला असेल तर व्हिनब्लास्टिनची इंजेक्शने व प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, बहुधा वर्षभर. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात असे रोगी पाहतात. दुसरा उपचार डेस्मोप्रेसिनचा, गोळी किंवा नाकातला फवारा. गाठ विरली तरी पिट्युटरी सहसा पूर्ववत होत नाही, म्हणून हे औषध बहुतेकांना जन्मभर लागते. बरे वाटले म्हणून कोणतीही गोळी मनाने बंद करू नका.

आणि शाळेत गुरुजींना सांगून ठेवा: या पोराला पाणी पिऊ द्या, लघवीला जाऊ द्या.