गाडीला डोळे नसतात

रात्री बाजाराहून परतताना गाडीवानाला डुलकी लागली, तरी बैल घराची वाट चुकत नाहीत. पुढे खड्डा आला की ते बिचकतात. वाटेत पोर बसलेले दिसले की थबकतात. कासरा माणसाच्या हातात असतो हे खरे. पण गाडी सांभाळणारे जीव तीन असतात. एक माणूस आणि दोन बैल.

आता खेडोपाडी मोटारी आल्या. त्यांत व्हॅन फार दिसते. 1984 साली मारुतीची छोटी व्हॅन निघाली. पुढे तिचे नाव ओम्नी झाले. 2019 साली ती निघणे बंद झाले. 2010 सालापासून त्याच वळणाची ईको ही व्हॅन निघते. गावची पोरे शाळेत जातात ती व्हॅनमधून. भाजी बाजारात जाते ती व्हॅनमधून. अवघडलेल्या बाईला अपरात्री दवाखान्यात नेतात तेही व्हॅनमधूनच.

व्हॅन मोठ्या कामाची आहे. पण तिला डोळे नाहीत आणि भीतीही नाही. पुढे विहीर असो की पोर असो, पाय दाबला की ती धावते. पाहणे, ऐकणे आणि थांबणे ही तिन्ही कामे एकट्या चालवणाऱ्याची. म्हणून तिचा एकेक भाग ती उभी असतानाच ओळखून घ्यावा. उभ्या गाडीत वळण लागलेले हातपाय चालत्या गाडीत गोंधळत नाहीत.

आधी परवाना

गाडी चालवायला वय 18 पूर्ण पाहिजे आणि परवाना पाहिजे. शिकाऊ परवाना असेल तर शेजारी पक्का परवाना असलेला, शिकवणारा माणूस बसलाच पाहिजे. गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हे अक्षर लावावे.

“पोरगा हुशार आहे, चालवतो की!” असे म्हणून बाप पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात किल्ली देतो. हे कौतुक महाग पडते. 2019 साली कायदा कडक झाला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दंड भरता येतो. गेलेला जीव परत आणता येत नाही.

गाडीभोवती एक फेरी

गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारा. बैल जुंपण्याआधी आपण कुणी आणि वंगण पाहतो, तसेच हे. टायरमध्ये हवा आहे का? टायरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे का? खाली तेल किंवा पाणी गळले आहे का? काचा व आरसे पुसलेले आहेत का?

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाडीच्या मागे व खाली पाहा. अंगणात उभी असलेली गाडी म्हणजे रांगत्या पोराला सावली. कोंबडी, कुत्रे, पोर, कोणीही तिथे बसलेले असते. आत बसल्यावर गाडीच्या अगदी मागची जमीन आरशातही दिसत नाही.

आसन, आरसे आणि पट्टा

आसन पुढेमागे सरकते. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतके ते पुढे घ्यावे. मग तिन्ही आरसे नीट करावेत. हे काम गाडी उभी असताना करायचे, चालत्या गाडीत नव्हे.

मग पट्टा बांधावा. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, कमरेच्या हाडावर हवा. वरचा भाग खांद्यावरून छातीवर यावा. गाडी अचानक थांबली तरी आतला माणूस आपल्या वेगाने पुढे जातच राहतो. त्याला काच अडवते, नाहीतर पट्टा अडवतो. ओम्नी-ईकोसारख्या व्हॅनला पुढे लांब नाक नसते. इंजिन पुढच्या आसनाखाली असते. धडक आपल्या गुडघ्यांपासून फार दूर होत नाही. म्हणून इथे पट्ट्याला जास्तच मोल आहे. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधायचा असतो. न बांधल्यास 1,000 रुपये दंड आहे.

पायाखाली तीन, हाताशी दोन

पायाखाली तीन पेडल असतात. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर. क्लचला डावा पाय. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर या दोन्हींना एकच उजवा पाय. एकाच पायाने दोन्ही एकदम दाबता येत नाहीत, हाच त्यातला फायदा आहे.

क्लच म्हणजे काय? पिठाच्या गिरणीचा पट्टा आठवा. इंजिन फिरत असते, पण पट्टा काढला की जाते थांबते. तसेच क्लच दाबला की इंजिन आणि चाके यांची फारकत होते. तेवढ्यात गिअर बदलायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. एकदम सोडला तर गाडी उडी मारते, नाहीतर बंद पडते.

गिअर म्हणजे जोर आणि वेग यांची वाटणी. पहिल्या गिअरला जोर जास्त, वेग कमी. वरच्या गिअरला वेग जास्त, जोर कमी. न्यूट्रल म्हणजे इंजिन व चाके सुटी. किल्ली फिरवण्याआधी दांडा न्यूट्रलमध्ये आहे का ते हलवून पाहा. क्लचही दाबून धरा. नाहीतर गाडी सुरू होतानाच पुढे उडी घेते. पुढे कोण उभे आहे हे ती पाहत नाही.

दुसरा दांडा हँडब्रेकचा. तो उभ्या गाडीला धरून ठेवतो. निघताना तो पूर्ण खाली सोडा. ओढलेला राहिला तर ब्रेक तापतात आणि खराब होतात.

समोरचे छोटे दिवे

स्टिअरिंगच्या पुढे छोटे दिवे असतात. गाडीला बोलता येत नाही. ती या दिव्यांनी सांगते.

तेलाच्या झारीचे लाल चित्र पेटले, तर इंजिनात तेलाचा दाब नाही. गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. लाल ब्रेकचा दिवा पेटला, तर हँडब्रेक ओढलेला आहे किंवा ब्रेकचे तेल कमी आहे. हँडब्रेक सोडूनही दिवा जात नसेल, तर गाडी पुढे नेऊ नका. इंजिन फार तापल्याची खूण दिसली तर थांबा. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नका. आतले पाणी उसळून तोंड भाजते. निळा दिवा पेटला असेल, तर हेडलाइटचा झोत वर आहे.

हा झोत समोरच्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत जातो आणि त्याला क्षणभर काही दिसत नाही. त्याला दिसले नाही तर धोका आपल्यालाच. म्हणून समोरून गाडी येताच डिप्पर मारून झोत खाली घ्यावा. उजेड जितका पोचतो तितक्यात थांबता येईल, एवढाच वेग रात्री ठेवावा. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या मागे दिवा नसतानाही रस्त्याने जातात. हे ध्यानात असू द्या.

वेगाचा हिशोब

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. रस्त्यात पोर दिसले आणि पाय ब्रेकवर पोचला, यातच एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच 17 मीटर वाट संपली! नंतर गाडी थांबायला आणखी जागा लागते. ताशी 30 च्या वेगाला ब्रेक दाबल्यावर जेवढी जागा लागते, तिच्या चौपट ताशी 60 ला लागते. दुप्पट नव्हे, चौपट. रस्ता ओला असला तर त्याहून जास्त.

पुढच्या गाडीच्या फार जवळ जाऊ नका. ती एखाद्या झाडापाशी पोचली की मनात सावकाश एक, दोन, तीन म्हणा. तीन म्हणायच्या आत आपणही त्या झाडापाशी आलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात याहून जास्त अंतर ठेवा.

घाट उतरताना

“उतारावर गाडी न्यूट्रल करा, तेल वाचते.” हा सल्ला पुष्कळ जण देतात. तो जीवघेणा आहे. गाडी गिअरमध्ये असली तर इंजिनच चाकांना मागे धरते. न्यूट्रलमध्ये सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो. सारखा दाबून ब्रेक तापतो, आणि तापलेला ब्रेक नीट धरत नाही. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट. ब्रेकला इंजिनाची मदत मिळत असते. ती गेली की पेडल दगडासारखे कडक होते. किल्ली काढली तर स्टिअरिंगही अडकू शकते.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्या. उतरणाऱ्याने बाजूला थांबायचे, असा नियम आहे.

आणि ब्रेक लागेनासा झाला तर? घाबरू नका. पेडल पुन्हा पुन्हा दाबा. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक एकदम न ओढता बेताबेताने ओढा. हॉर्न वाजवा, दिवे लावा. गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, दरीच्या बाजूला नव्हे.

दार, माणसे आणि ओझे

व्हॅनचे मागचे दार सरकते असते. ते खट् आवाज होईपर्यंत लावा. लावण्याआधी पोरांची बोटे कुठे आहेत ते पाहा. माणसे डाव्या बाजूने, रस्त्याच्या कडेला उतरवा. चालवणाऱ्याने आपले दार डाव्या हाताने उघडावे. असे केले की अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते.

नोंदणीच्या कागदावर जितकी माणसे लिहिली आहेत, तितकीच बसवा. बैलगाडीत ओझे मागे झाले की गाडी उलाळते, हे आपल्याला ठाऊक आहे. जादा ओझ्याने व्हॅन वळणावर कलते आणि उशिरा थांबते. टपावर ओझे ठेवले तर आणखीच कलते.

गाडी गॅसवर चालत असेल आणि गॅसचा वास आला, तर किल्ली फिरवू नका. कुठलेही बटण दाबू नका. सगळ्यांना खाली उतरवा, दारे उघडा आणि जाणकाराला बोलवा. बंद खोलीत इंजिन चालू ठेवून गाडीत बसू किंवा झोपू नये. धुरातल्या एका विषारी वायूला वासही नसतो. उन्हात बंद गाडीत लेकराला क्षणभरही ठेवू नका.

मागे घेताना आणि उभी करताना

मागे घेताना एका माणसाला मागे, बाजूला उभे करा. तो आरशात दिसला पाहिजे. दिसेनासा झाला की लगेच थांबा.

गाडी उभी करताना हँडब्रेक ओढा. चढावर तोंड असेल तर पहिला गिअर टाका. उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स टाका. चाकाला दगड लावा. किल्ली काढून खिशात घाला. किल्ली गाडीत राहिली तर पोरांना ती खेळणे वाटते.

अपघात झालाच तर 112 या क्रमांकावर फोन करा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 आहे. दोन्ही फोनना पैसे पडत नाहीत.

बैलाला शीण आला की तो खाली बसतो आणि आपल्याला कळते. व्हॅन दमत नाही. दमतो तो माणूस. डोळा जड झाला, औषधाची गुंगी आली किंवा कोणी पेला पुढे केला, की किल्ली खाली ठेवा. घरी पोचायला तासभर उशीर झाला तर चालेल. मागे बसलेली माणसे तुमच्या डोळ्यांनी वाट पाहत असतात.

एकमेकांना विचारा

1. किल्ली फिरवण्याआधी गिअरचा दांडा का हलवून पाहायचा?
2. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये का चालवू नये?
3. वेग दुप्पट केला तर थांबायला किती पट जागा लागते?
4. तुमच्या गावातल्या व्हॅनमध्ये मागच्या आसनाला पट्टे आहेत का? आज जाऊन पाहा.