पवनचक्कीचा आवाज : सही करण्याआधी काय बघायचं?



साक्रीकडं ब्राह्मणवेलच्या किंवा पाटणकडं वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. आपल्या पेठच्या डोंगरावरही कोणी जागा बघायला आलं, तर भाड्याच्या आकड्याबरोबर आवाजाचंही विचारा. मशीन एकदा उभं राहिलं की वीस-पंचवीस वर्षं हलत नाही.

*आवाज कुठून येतो?*
दोन ठिकाणांहून. पातं हवा कापतं तेव्हा 'हूश्श-हूश्श' असा खालीवर होणारा आवाज येतो. वरच्या डब्यातल्या गिअरची, पंख्याची घरघर वेगळी. गिअर किंवा बेअरिंग झिजलं की ती वाढते, म्हणजे दुरुस्ती हवी.

*रात्रीच का जास्त ऐकू येतो?*
रात्री जमिनीलगत वारा पडतो, पण वर उंचावर वाहत राहतो. चक्की फिरते, खाली झाडाची पानंसुद्धा हलत नाहीत. मग आवाज झाकायला दुसरा आवाजच नसतो. डोंगराच्या आडोशाला, खोऱ्यात वसलेल्या पाड्याला हे जास्त जाणवतं.

*अंतराचं गणित*
एका मोठ्या चक्कीचा आवाज ५०० मीटरवर साधारण ४० डेसिबलच्या आसपास येतो. अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल कमी होतो. सारख्याच अंतरावर एकाच्या दोन चक्क्या झाल्या की ३ डेसिबल वाढतो. म्हणून "एकच आहे" म्हणाले तरी पुढं किती येणार ते विचारा.

*माणसावर काय परिणाम?*
कॅनडा सरकारच्या आरोग्य खात्यानं १२३८ लोकांचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष दिले. आवाज वाढला तशी चिडचिड, वैताग वाढला. पण आजारपणाशी किंवा झोप बिघडण्याशी थेट संबंध दिसला नाही. कानाला न ऐकू येणाऱ्या लहरींनी आजार होतात असं पुष्कळ बोललं जातं; फिनलंडच्या सरकारी अभ्यासात (२०२०) तसं आढळलं नाही. म्हणून उगाच घाबरू नका. पण रोजचा वैताग हाही त्रासच आहे, त्याला "मनाचे खेळ" म्हणून उडवू देऊ नका.

आणखी एक गोष्ट. नेदरलँड्समध्ये दिसलं की चक्कीपासून ज्याला पैसे मिळतात, त्याला आवाज कमी खुपतो. भाडं एकाला आणि आवाज सगळ्या पाड्याला, असं झालं की भाऊबंदकीत तेढ येते. निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांसमोर होऊ द्या.

*नियम काय सांगतो?*
▪️ ध्वनिप्रदूषण नियम २००० : रहिवासी भागात दिवसा ५५, रात्री (१० ते ६) ४५ डेसिबल.
▪️ केंद्र सरकारची २०१६ ची मार्गदर्शक सूचना : चक्की घरापासून किमान ५०० मीटर लांब. आपल्याकडं घरं पाड्या-पाड्यानं विखुरलेली आहेत. अंतर गावठाणापासून नाही, सगळ्यात जवळच्या घरापासून मोजायला लावा.
▪️ आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला भाड्यानं द्यायची तरी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कोऱ्या कागदावर सही, अंगठा देऊ नका.

*करारात लिहून घ्या*
१) एकूण चक्क्या किती, कुठं, जवळचं घर किती मीटरवर.
२) चक्की बसवण्याआधी आणि नंतर, रात्रीच्या आवाजाची मोजणी.
३) मर्यादा ओलांडली तर रात्री पाती हळू फिरवणार. मशीनमध्ये तशी सोय करता येते.
४) तक्रार कोणाकडं करायची आणि किती दिवसांत दुरुस्ती.

*त्रास सुरू झालाच तर*
वहीत तारीख, वेळ, वारा कुठून, कुठली चक्की, झोप मोडली का, हे रोज लिहा. मोबाईलचं ॲप फक्त अंदाजासाठी. ग्राह्य मोजणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मागा. लेखी तक्रार ग्रामपंचायत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, पोच घ्या.

वीज पाहिजेच, वाऱ्याची तर चांगलीच. पण दिवसभर आवणी करून आलेल्या माणसाला रात्रीची झोपही पाहिजे. हा निरोप आपल्या पाड्यावर वाचून दाखवा. कराराचा कागद आला असेल, तर सहीच्या आधी कंपनीच्या ऑफिसात आणा, बसून वाचू.