कर्जत-खालापूरवर प्रबंध लिहिताय?

संदर्भ शोधताना जिल्ह्याच्या नावाने फसू नका. 1882चे ब्रिटिश गॅझेटिअर निघाले तेव्हा कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात होता आणि खालापूर त्याचाच पेटा (पोटविभाग). त्यामुळे तेव्हाची कर्जत, माथेरान, खालापूरची माहिती ठाण्याच्या खंडांत आहे, 1883च्या कुलाबा खंडात नाही. पुढे हा भाग कुलाब्यात आला आणि 1981मध्ये कुलाब्याचा रायगड झाला. म्हणून ग्रंथालयाच्या सूचीत ठाणे, कुलाबा, रायगड ही तिन्ही नावे घालून पाहावीत. हे सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके हेच राहून जाते.

राज्य सरकारचे कुलाबा गॅझेटिअर 1964चे आहे. गावनिहाय लोकसंख्या, शाळा, पाण्याच्या सोयी हव्या असतील, तर जनगणनेची जिल्हा पुस्तिका पाहा. विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत वाचता येतात. त्यांची संदर्भसूची आधी चाळा, पुढची वाट तिथूनच सापडते.

स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याच्या लढ्यासारखा विषय असेल, तर छापील पुस्तकांवर थांबू नये. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना 1898) गाठावे. कर्जत, खोपोलीहून लोकल आहेच.

टिपण काढतानाच लेखक, वर्ष आणि पान क्रमांक लिहून ठेवा. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना विषय नेमका सांगा आणि मदत मागायला संकोचू नका.