थंडीत गाडी चालू होईना? किका मारत बसण्याआधी हे करा

निफाड : थंडीचा कडाका वाढला की पहाटे दूध घालायला निघणाऱ्यांचे हाल सुरू होतात. वीस-वीस किका मारूनही गाडी दाद देत नाही. बऱ्याचदा गाडीत बिघाड नसतोच. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, ऑइल घट्ट होतं आणि बॅटरीचा जोरही कमी पडतो.

जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर चावी बंद ठेवून आधी तीन-चार किका सावकाश मारा. मग चोक ओढा, चावी चालू करा आणि रेस न देता एक दमदार किक मारा. चोकमुळे हवा कमी अन् पेट्रोल जास्त जातं. मिनिटभरात इंजिनचा आवाज एकसारखा झाला की चोक बंद करा. पुष्कळ जण तसेच डेअरीपर्यंत जातात, मग प्लग काळा पडतो. पेट्रोलचा वास आला तर ओव्हर झालं समजा. चोक बंद करून, रेस पूर्ण पिळून पाच-सहा किका मारा.

2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांना बहुधा चोक नसतो. चावी फिरवा, पंपाचा बारीक आवाज थांबू द्या, मग सेल्फ मारा. बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. बॅटरी पार उतरली तर धक्का मारूनही उपयोग नाही, पंप बॅटरीवरच चालतो राव!

काही जण इंजिनखाली कागद पेटवतात. हे अजिबात नको. दार लावून घरात, गोठ्यात गाडी गरम करायलाही ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो.