छापलेलं पुसायचं नाही

इंटरनेट चालतं ते ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित टिपणांवर. पूर्ण नाव ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘अभिप्राय कळवा’. पहिलं टिपण ७ एप्रिल १९६९चं. ते लिहिणारे स्टीव्ह क्रॉकर तेव्हा विद्यार्थी होते. आपण हुकूम सोडतोय असं वाटू नये म्हणून नाव असं नरम ठेवलं. पुढे जॉन पोस्टेल यांनी १९९८मध्ये मृत्यू येईपर्यंत ही टिपणं संपादित केली.

मसुदा कुणीही पाठवावा. मात्र सहा महिन्यांत तो पुढे सरकला नाही, सुधारूनही आला नाही, तर मुदत संपते. शब्दांवर नजर करडी: ‘मस्ट’ आणि ‘शुड’ यांतला फरक नक्की करायला १९९७ साली एक स्वतंत्र टिपण (क्र. २११९) काढावं लागलं. शेवटचा हात फिरवायला लेखकांना ४८ तास मिळतात. त्या तासांचे आठवडे कसे होतात, हे दिवाळी अंक काढणाऱ्यांना सांगायला नको!

प्रसिद्ध झालेल्या टिपणातला मजकूर मात्र बदलत नाही. चूक सापडली तर शुद्धिपत्र वेगळं. मोठा बदल हवा तर नवं टिपण, नवा क्रमांक.

या शिस्तीत १ एप्रिलची थट्टाही बसते. १९९०च्या त्या दिवशीचं टिपण क्र. ११४९ कबुतरांच्या पायाला डेटा बांधून पाठवण्याची रीत सांगतं. २००१मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या लिनक्सप्रेमींनी ती खरोखर करून पाहिली. नऊ पॅकेट उडवली, चार उत्तरं आली. सर्वांत चपळ उत्तराला पन्नास मिनिटांहून अधिक लागली.