जबडा पाच मिलिमीटर पुढे

झोप लागली की घशाचे स्नायू सैलावतात. जीभ मागे सरकते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली झुकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना भिंती थरथरतात, तेच घोरणे. कधी वाट पुरती मिटते. छाती-पोट श्वासासाठी धडपडत राहते, पण नाकातोंडातून हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरू लागला की मेंदू माणसाला क्षणभर जागे करतो, मोठा आवाज होऊन श्वास सुटतो आणि काही वेळाने पुन्हा तेच. हा आजार म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा फार मंदावला तर तो एक खंड धरतात. तासाला ५ ते १५ खंड म्हणजे सौम्य आजार, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. रोग्याला स्वतःला सकाळी यातले बहुधा काहीच आठवत नाही. श्वास अडकतो हे सांगते ती शेजारी झोपणारी बायको किंवा आई. रोग्याला जाणवते ते जड डोके, दिवसा अनावर होणारी पेंग आणि गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध केली. १९.५ टक्के पुरुषांच्या झोपेत श्वासाचा असा बिघाड आढळला, ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रासही होता. ही पाहणी शहरी माणसांची. तिचे आकडे ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण ऊसतोडीच्या हंगामात रात्री-अपरात्री उसाचा ट्रॅक्टर किंवा ट्रक हाकणाऱ्या चालकाला हा आजार असेल, तर चाकावर येणारी डुलकी त्याच्यासह रस्त्यावरच्या इतरांच्याही जिवावर बेतू शकते.

तीव्र आजारावरचा पहिला उपाय म्हणजे सीपॅप यंत्र. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवायचा, हे तिचे तत्त्व. उपाय खात्रीचा आहे, पण त्याला रात्रभर वीज लागते आणि मास्क अनेकांना सोसत नाही. बीड जिल्ह्यातून दर हंगामात लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, महिनोन्‌महिने काढतात. तिथे सीपॅप चालवणे जवळपास अशक्य आहे. बिनविजेची, खिशात मावणारी दातांची प्लेट अशा ठिकाणी खरोखर उपयोगी पडू शकते, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

जिभेचा मुख्य स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून चिकटलेला असतो. खालचा जबडा पुढे आणला की जीभही पुढे येते आणि घसा रुंदावतो. कल्पना जुनी आहे: फ्रान्सचे पिएर रोबँ यांनी लहान जबड्याच्या मुलांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच जबडा पुढे धरणारे साधन वापरले होते. आजच्या प्लेटचे दोन भाग असतात, एक वरच्या दातांवर आणि एक खालच्या. दोन्ही स्क्रूने किंवा पट्ट्यांनी असे जोडलेले असतात की खालचा जबडा मागे घसरू शकत नाही.

काम सुरू होते ते झोपेच्या चाचणीच्या अहवालाने. निदान वैद्याचे, साधन दंतवैद्याचे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि बीड शहरात दंत महाविद्यालय. या दोन शाखांत रोग्याचा कागद फिरला तरच उपचार पुरा होतो. नुसते घोरणे ऐकून प्लेट बनवणे चूक आहे, कारण आवाज बंद होऊनही श्वास अडकत राहू शकतो.

मग तोंड तपासले जाते. दोन्ही जबड्यांत पुरेसे घट्ट दात हवेत, साधारण आठ-आठ तरी. जबड्याच्या सांध्यात दुखणे नको आणि खालचा जबडा निदान पाच मिलिमीटर पुढे यायला हवा. खरी अडचण इथेच येते. मिश्री आणि तंबाखूने हिरड्या खाली गेलेल्या, दात हलू लागलेले. अशा दातांवर रात्रभर जबड्याचा ताण देता येत नाही. गुटख्याचे नुकसान तर त्याहून मोठे. राज्यात २०१२ पासून बंदी असूनही तो सुटलेला नाही. त्यात असलेल्या सुपारीने गालाचे आतले अस्तर पांढुरके आणि ताठ होते आणि तोंड उघडेनासे होते. तीन बोटे उभी मावायला हवीत तिथे जेमतेम एक मावते. अशा तोंडात माप घेण्याचा ट्रेसुद्धा जात नाही. त्या माणसाला आधी या गुटख्याच्या रोगावर उपचार हवेत, कारण त्यातून कॅन्सरही होऊ शकतो. संपूर्ण कवळी असलेल्यांनाही ही प्लेट बसत नाही. त्यांच्यासाठी जीभच पुढे धरणारे वेगळे साधन असते.

तोंड योग्य असेल तर कवळीसाठी घेतात तसेच अल्जिनेटने दोन्ही जबड्यांचे माप घेऊन दगडी प्लॅस्टरचे साचे ओततात. सगळ्यात नाजूक पायरी त्यानंतरची. पुढच्या दातांत मोजपट्टी लावलेला छोटा काटा धरायला देतात. रोगी जबडा शक्य तितका मागे घेतो, आकडा वाचतात. मग शक्य तितका पुढे काढतो, पुन्हा वाचतात. समजा मागे उणे तीन आणि पुढे अधिक सात आले, तर एकूण पल्ला दहा मिलिमीटर. सुरुवात सहसा पल्ल्याच्या निम्म्यापासून किंवा थोडी पुढे करतात, म्हणजे इथे मागच्या टोकापासून पाच मिलिमीटरवर, काट्यावर अधिक दोनच्या आकड्यावर. त्या जागी काटा पक्का करून वरच्या-खालच्या दातांमध्ये पेस्ट भरतात. ती घट्ट होईपर्यंत रोग्याने हलायचे नाही. इथे मिलिमीटरभर चूक झाली तर लॅबमधले पुढचे सगळे काम चुकीच्या जागी बसते.

प्लेट लावल्यावर पहिले काही दिवस लाळ सुटते, सकाळी दात आणि जबडा अवघडतो. उठल्यावर प्लेटसोबतच्या छोट्या पट्टीवर दात दाबून जबडा जागेवर आणायचा असतो. ही सवय टाळली तर दातांचा चावा बदलण्याचा धोका वाढू शकतो. वर्षानुवर्षे वापरल्यावर थोडा बदल तर बहुतेकांत होतोच. सुरुवातीचा अवघडलेपणा ओसरला की स्क्रू थोडाथोडा फिरवून, अनेकदा एका वेळी पाव मिलिमीटर, जबडा पुढे नेतात. घोरणे थांबेपर्यंत, दिवसाची पेंग जाईपर्यंत किंवा सांधा दुखू लागेपर्यंत हे चालते आणि त्यात आठवडे जातात. गरम पाण्यात मऊ करून चावायच्या तयार प्लेट बाजारात मिळतात, पण त्यांत हे बारीक पुढे-मागे करणे नीट साधत नाही, म्हणून त्या मापाच्या प्लेटची जागा घेऊ शकत नाहीत.

श्वासाचे खंड कमी करण्यात सीपॅप सरस आहे. पण प्लेट लोक रात्री जास्त तास वापरतात, त्यामुळे सौम्य आणि मध्यम आजारात तिचा प्रत्यक्ष फायदा फार मागे राहत नाही. मात्र गुण प्रत्येकाला येत नाही. म्हणून प्लेट घालूनच झोपेची चाचणी पुन्हा करावी लागते.

ऊसतोडीला जाणाऱ्याने प्लेटचे काम कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी परतल्यावर लगेच सुरू करावे. दिवाळीच्या तोंडावर घाईने घेतलेली प्लेट फडात दुखू लागली तर सैल करून द्यायला तिथे कोणी नसते. आणि टोळीबरोबर निघण्यापूर्वी, घोरणे पूर्ण थांबले असले तरी, दुसरी चाचणी करून घ्यावी.